ताई, चव्वेचाळीस हजारांत मुंबईत भागेल का?

(एपिसोडमध्ये जे बोलले, तेच इथे लिहून काढलंय. इअरफोन घरी विसरला असाल तर वाचा.)



आजचा विषय मी ठरवलेला नाही, तो व्हॉट्सअ‍ॅपवर आला. रात्री साडेअकराला माझ्या मावसभावाचा मेसेज: "ताई, ऑफर आली. अंधेरी. महिन्याला पंचावन्न. भागेल का?" आणि खाली नाचणारा इमोजी.

तो बार्शीला असतो. एका सीए ऑफिसात तीन वर्षं जीएसटी रिटर्न, टॅली, ऑडिटची धावपळ करतोय. पगार १८,०००. काका आडतीत दिवाणजी होते, आता गुडघ्यांमुळे घरी आहेत. धाकटी बहीण नर्सिंग शिकते. म्हणजे 'भागेल का' हा प्रश्न एकट्याचा नव्हता, चार माणसांचा होता. मला तेव्हा हे सुचलं नाही हं. मी लगेच "अरे वा, ये ये" असं लिहून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी मात्र मी त्याला म्हटलं, ऑफर लेटरचं शेवटचं पान पाठव. पहिल्या पानावर अभिनंदन असतं. आकडे मागे असतात.

तर बघा. पॅकेज वर्षाला ६,६०,०००. भागिले बारा, ५५,०००. हेच त्यानं धरलं होतं, आणि काकांनी ते एव्हाना गल्लीत सांगूनही टाकलं होतं. पण त्यातले दहा टक्के व्हेरिएबल. म्हणजे कंपनीला वाटलं तर, वर्षाच्या शेवटी. गेले साडेपाच हजार, उरले ४९,५००. मग कंपनी तुमच्या पीएफमध्ये जो तिचा वाटा भरते, तोही पॅकेजमध्येच मोजलेला असतो. १५,००० वर बारा टक्के म्हणजे १,८००. मग ग्रॅच्युइटी, बेसिकच्या ४.८१ टक्के, त्याच्या लेटरमध्ये साधारण साडेअकराशे. कायम नोकरीत ती साधारण पाच वर्षं काढल्यावर मिळते. तोपर्यंत ती दर महिन्याला पॅकेजमध्ये दिसत राहते, एवढंच. त्यानंतर आपला स्वतःचा पीएफ, आणखी १,८००. व्यवसाय कर २००, आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. इन्कम टॅक्स मात्र शून्य. एप्रिल २०२५ पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, त्यामुळे ती काळजी त्यानं सोडावी.

हातात किती? ४४,५००.

पीएफचे पैसे त्याचेच आहेत, मान्य. पण घरमालक पीएफ घेत नाही.

त्याचा आवाजच उतरला. मी म्हटलं, थांब, चव्वेचाळीस हजार काही कमी नाहीत. बसून मांडू. आणि आम्ही मांडलं. एक रविवार गेला त्यात. मी मरोळमध्ये दोन फ्लॅट बघून आले, डोंबिवलीतल्या मैत्रिणीला फोन केला, त्यानं आपली वही काढली. पुढचे आकडे आम्हाला त्या आठवड्यात जे सांगितले गेले ते आहेत. तुमच्या गल्लीत हजार-दोन हजार इकडेतिकडे होतील.

ऑफिस चकाला मेट्रो स्टेशनजवळ. मरोळला टू बीएचके, भाडं ५६,०००, चार पोरं. प्रत्येकी १४,०००. लाइट, वायफाय, झाडू-भांडीवाल्या मावशी, पाण्याचे जार यांचे दीड हजार. खाणं: दोन वेळचा डबा, सकाळचा चहा-नाश्ता, रविवारी बाहेर, मिळून ८,०००. यात अ‍ॅपवरून मागवलेली बिर्याणी धरलेली नाही, आणि ती तो मागवणारच. प्रवास १,५००. मोबाइल ३५०. साबण, पेस्ट, केस कापणं, एखादी गोळी, एखादा शर्ट, २,०००. बेरीज २७,३५०.

उरले १७,१५०. वाचताना बरं वाटतं ना? त्यालाही वाटलं. मग मी विचारलं, घरी किती लागतात?

फोनवर जरा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "बारा तरी."

राहिले ५,१५०. यात दिवाळीला घरी जाणं, सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं रिझर्वेशन नाही मिळालं तर ट्रॅव्हल्सचे सणाचे दर, बहिणीची परीक्षा फी, चुलत्याच्या लग्नातला आहेर, चप्पल तुटणं, मोबाइल पडणं, सगळं.

आता जे मला त्या रविवारी पहिल्यांदा दिसलं ते सांगते. आणि मी स्वतः इथे बरीच वर्षं राहतेय, तरी कधी असं मांडलं नव्हतं. बार्शीत त्याला १८,००० मिळतात. जेवण घरी, भाडं नाही, ऑफिसला सायकलवर. पेट्रोल नाही, काही नाही. स्वतःवर खर्च फार तर चार हजार. म्हणजे घराच्या हातात पडतात १४,०००. मुंबईत? घरी पाठवायचे बारा आणि शिल्लक पाच हजार दीडशे, म्हणजे १७,१५०. पगारात उडी साडेसव्वीस हजारांची, आणि घराच्या हाती जास्तीचे आले ३,१५०.

बाकीचे तेवीस हजार कुठे गेले? मुंबईत उभं राहायला. नुसतं उभं राहायला.

हे ऐकून तो म्हणाला, "मग येऊच नको का?" मी म्हटलं, मी तसं म्हणाले नाही. पुढचं ऐक.

कारण हा झाला साधा महिना. कोणी आजारी नाही, कोणाचं लग्न नाही, घरमालक खूश आहे. 'एवढ्या पगारात शहरात भागतं का' असे जे व्हिडिओ आपण बघतो ना, ते सगळे या साध्या महिन्याचे असतात. साध्या महिन्यात पंचवीस हजारांतही भागतं, मीच भागवलंय. पगाराची परीक्षा दोन ठिकाणी होते. एक पहिला महिना, आणि दुसरा वाईट महिना.

पहिला महिना घ्या. त्या मरोळच्या फ्लॅटचं डिपॉझिट दोन लाख. चौघांत प्रत्येकी ५०,०००. ब्रोकर एक महिन्याचं भाडं घेतो, प्रत्येकी १४,०००. झाले ६४,०००, आणि अजून गादी, बादली, उशी घेतलेली नाही. हे पैसे कधी द्यायचे? पहिला पगार व्हायच्या आधी. आणि महिन्याच्या वीस-बावीस तारखेनंतर रुजू झालात तर बऱ्याच ठिकाणी त्या दिवसांचा पगार पुढच्या महिन्यात ढकलतात, तेही धरा.

आता ६४,००० भागिले ५,१५०. साडेबारा महिने. म्हणजे घरात शिरण्याचा खर्च शिलकेतून भरून निघायला एक वर्षाच्या वर लागणार. आणि अ‍ॅग्रीमेंट किती महिन्यांचं? अकरा. बरोबर भरून निघायच्या आधी घरमालक म्हणणार, भाडं वाढवा नाहीतर रिकामं करा. रिकामं केलं तर पुन्हा नवा ब्रोकर.

डिपॉझिट परत मिळतं, हो. म्हणजे कागदावर मिळतं. माझ्या पहिल्या फ्लॅटच्या मालकिणीनं रंगाचे सहा हजार कापले, कारण भिंतीत तीन खिळे होते. एक खिळा दोन हजारांना पडला मला. तेव्हा एक कामाचं सांगून ठेवते. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही असा जो समज आहे, तो महाराष्ट्रात चालत नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखीच हवा, नोंदवलेलाच हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. हल्ली घरी बसून आधार आणि अंगठ्यावर होतं ते. त्यात डिपॉझिटचा पूर्ण आकडा लिहिलाय ना, तेवढं बघा. "अर्धे रोख द्या, कागदावर नको" म्हणाले तर तिथूनच परत फिरा.

आणि डिपॉझिट आणायचं कुठून? इथे मी माझी गोष्ट सांगणारच आहे, जरी आईनं हा एपिसोड ऐकला तर पंचाईत आहे.

२०१८. माझा पगार २७,०००. डिपॉझिटला चाळीस हजार कमी पडत होते. घरी मागायचे नव्हते, कारण मी "सगळं सेट आहे" असं सांगून आले होते. फोनवर एक लोन अ‍ॅप होतं. पाच मिनिटांत मंजूर. चाळीस मागितले, हातात अडतीस आले, प्रोसेसिंग फी आधीच कापलेली. व्याज "फक्त तीन टक्के". महिन्याला तीन टक्के, तेही शेवटपर्यंत पूर्ण चाळीस हजारांवर. हप्ता साडेचार हजार, बारा महिने. चोपन्न हजार भरले मी. त्या वर्षी मी दुपारी ऑफिसात "मला भूक नाही" हे वाक्य किती वेळा बोलले, मोजलं नाही. आई विचारायची, जेवलीस का? मी म्हणायचे, हो, आज पनीर होतं.

हसू नका, तुमच्यातले निम्मे हेच करत असणार.

आणि वाईट महिना. त्याच पावसाळ्यात डेंग्यू झाला. कंपनीचा विमा होता, अ‍ॅडमिट झाल्यावरचं बिल त्यानं भरलं. पण आधीच्या रक्त तपासण्या, डॉक्टरांची फी, नारळपाणी, रिक्षा हे खिशातून. आणि प्रोबेशनवर असल्यामुळे सुट्ट्या बिनपगारी. माझ्या भावाच्या पगारावर मांडून बघा: सहा दिवस गेले तर जवळजवळ नऊ हजार कापले जातील. म्हणजे एक ताप, आणि दोन महिन्यांची शिल्लक खलास. त्याच महिन्यात काकांच्या गुडघ्याचं निघालं तर?

माझ्यापुरती 'आरामात' या शब्दाची व्याख्या मी आता एवढीच ठेवलीय: एक दहा हजारांचा फटका बसला तर कोणाला फोन न करता तो सोसता येतो का? एसी, नेटफ्लिक्स, वीकेंडला लोणावळा, ते नंतरचं.

मग त्यानं विचारलं, "ताई, डोंबिवली?"

सगळे विचारतात. तर मांडलं. दोघांत वन बीएचके १४,०००, प्रत्येकी सात. डिपॉझिट पन्नास हजार, प्रत्येकी पंचवीस. तिथेच मोठा फरक आहे. घाटकोपरपर्यंत लोकल, मग मेट्रो वन, चकालाला उतरायचं. पास, मेट्रो, स्टेशनपर्यंतची शेअर रिक्षा धरून अडीच हजार. म्हणजे भाड्यात सात वाचले, प्रवासात एक वाढला, निव्वळ सहा हजारांची बचत. पण घरातून निघून खुर्चीत बसेपर्यंत पावणेदोन तास. मरोळहून अर्धा तास. जाऊन-येऊन रोजचे अडीच तास जास्त, महिन्याचे चोवीस दिवस धरले तर साठ तास. सहा हजारांसाठी साठ तास. तासाला शंभर रुपये. ऑफिस त्याला तासाला दोनशेच्या आसपास देतंय.

तो हुशार आहे. म्हणाला, "पण ते दोन तास मरोळमध्ये मला कोण विकत घेणारे?" खरंय. वाचलेला वेळ रील्स बघण्यात जाणार असेल तर डोंबिवलीच स्वस्त. त्याला इंटर सीएमएची परीक्षा द्यायचीय. अभ्यास करणार असेल तर त्या तासांना किंमत आहे, नाहीतर नाही. हे त्यानं स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवायचं, मी कशाला सांगू.

पण गर्दीचं मी सांगितलं. सकाळी आठची फास्ट डोंबिवलीत येते तीच भरून. जून २०२५ मध्ये दिवा-मुंब्र्याच्या मध्ये दारात लटकलेली माणसं पडली, काही जीव गेले, ते याच लाइनवर. शंभर रुपये तास लिहिताना हे कुठल्या रकान्यात लिहायचं मला कळत नाही.

आणि मुलींनो, तुमच्यासाठी एक ओळ वेगळी लावा. रात्री दहानंतर स्टेशनपासून घरापर्यंतची रिक्षा. मुलगा चालत जातो, आपण मीटर टाकतो. माझे महिन्याला आठ-नऊशे यातच जायचे. स्वस्त एरिया आपल्याला पूर्ण स्वस्त कधी पडतच नाही.

आमचे काका म्हणतात, "पूर्वी लोक मुंबईत किती कमी पगारात राहून गावाकडं घरं बांधायचे." बरोबर आहे त्यांचं. पण कसे राहायचे, तेही बघा. गिरणगावात एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळीप्रमाणे झोपायचे. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागी आडवा. कोकणातल्या कितीतरी गावांच्या गावकीच्या खोल्या होत्या मुंबईत. पोरगा एसटीतून उतरला की पत्ता विचारत थेट तिथे. गोव्याच्या गावांचेही असेच क्लब होते, त्यांना कूड म्हणायचे. जेवण खानावळीत, महिन्याच्या बोलीवर, पगार झाला की पैसे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच खानावळवाल्या बायकांसाठी, कारण गिरणी कामगार उधारीवर जेवायचे आणि या बायका धान्य भरायला सावकाराकडे जायच्या.

म्हणजे काय, तर पहिल्या महिन्याचा भार तेव्हा गाव उचलायचं, नाहीतर खानावळवाली. डिपॉझिट नाही, ब्रोकर नाही, उधारी चालायची. मला ते दिवस गोड वाटतात असं नाही. वीस माणसांत एक नळ, मला नाही जमणार. पण "आम्ही कमी पैशांत राहिलो" म्हणताना पगाराच्या मागे कोण उभं होतं ते मोजायचं राहून जातं. माझ्या भावाच्या मागे गावकीची खोली नाही. उलट त्याच्या पगाराच्या मागे घर उभं आहे. पूर्वीची जी माणसं वर यायची, त्यांचंही घर मागे होतंच, पण निदान टेकायला जागा फुकट होती.

तर शेवटी मी त्याला काय सांगितलं? ये म्हटलं. कारण घराला ते ३,१५० महत्त्वाचे नाहीत, दोन वर्षांनंतरची पुढची नोकरी महत्त्वाची आहे, आणि ती बार्शीत बसून मिळणार नाही. पण तीन गोष्टी कर. एचआरला मेल टाकून विचार, रिलोकेशनचे काही मिळतात का, आणि व्हेरिएबल गेल्या वर्षी लोकांना खरंच मिळालं का. विचारल्यानं ऑफर जात नाही. दुसरं, फ्लॅट नको. पहिले तीन-चार महिने कॉट बेसिसवर राहा. डिपॉझिट एक महिन्याचं, ब्रोकर नाही, पटलं नाही तर पिशवी उचलून बाहेर. तोवर माणसं ओळखीची होतात, मग फ्लॅटमध्ये एखादी जागा रिकामी झाली की आपोआप कळतं. आणि तिसरं, जे त्याला सगळ्यात जड गेलं: घरी खरा आकडा सांग. पहिले दोन महिने बारा नाही, सातच पाठवीन, हेही सांग.

त्याला लोन अ‍ॅप परवडलं असतं, हे बोलणं नाही. चार दिवस टाळलं त्यानं. शेवटी मावशीला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं. मावशी म्हणाली, "मग गल्लीत पंचावन्न कोणी सांगितले?" काका बाहेर टीव्हीचा आवाज वाढवून बसले होते म्हणे. संध्याकाळी त्यांनी जुनी रोजमेळाची वही काढली, आखलेली, आणि त्याच्याकडून सगळे आकडे पुन्हा लिहून घेतले. भाडं, डबा, प्रवास. दिवाणजी माणूस. 'घरी' या रकान्यापुढे सात लिहिलं, खोडलं, पाच लिहिलं. आणि म्हणाले, "तीन महिने पाचच. दाळीचं बघू आम्ही."

एचआरचं उत्तर आलं. रिलोकेशनचे १५,००० मिळतील, दुसऱ्या पगारात. व्हेरिएबलबद्दल 'पॉलिसीप्रमाणे'.

गेल्या रविवारी तो आला. एक बॅग, एक गादीची वळकटी, आणि मावशीनं दिलेली शेंगाचटणी, दोन किलो, जणू मुंबईत दुष्काळ आहे. चकालाजवळच एका इमारतीत कॉट बघायला गेलो. खोलीत पाच कॉट, दोन रिकाम्या. खिडकीजवळची साडेदहा, दाराजवळची दहा. खिडकीजवळच्या कॉटवर वारा चांगला येत होता, मी हात लावून बघितलं.

त्यानं दाराजवळची घेतली.